एक ट्रान्सफॉर्मर, पाच गाड्या आणि रक्सौलचे नाके: बडोदा-नेपाळ निर्यातीचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

बडोदा आणि आसपासच्या औद्योगिक वसाहतींमध्ये ट्रान्सफॉर्मरचा धंदा जुना आहे. चाचणीसाठी मकरपुऱ्यातली 'एर्डा' ही विद्युत उपकरणांची चाचणी संस्था हाताशी आहे, आणि पत्रा कापण्यापासून तेल भरण्यापर्यंतचे कारागीर इथेच मिळतात. अशाच एका मध्यम आकाराच्या कंपनीला नेपाळमधल्या एका वीज उपकेंद्रासाठी १३२/३३ केव्ही (किलोव्होल्ट), ३० एमव्हीए क्षमतेचा एक ट्रान्सफॉर्मर पुरवायचा होता. उपकेंद्र पृथ्वी राजमार्गालगत, डोंगराळ भागात. कंपनी, खरेदीदार आणि वाहतूकदार यांची नावे इथे दिलेली नाहीत. साल २०२४.

जानेवारी २०२४ मध्ये भारताने दहा वर्षांत नेपाळकडून १०,००० मेगावॉटपर्यंत वीज घेण्याचा करार केला. जलविद्युत प्रकल्पांतून वीज बाहेर काढायची तर आधी वाहिन्या आणि उपकेंद्रे लागतात, त्यामुळे अशा मागण्या पुढेही येत राहणार. भारतातल्या कारखान्याला हा व्यवहार कागदावर सोपा वाटतो. जहाज लागत नाही, पैसे भारतीय रुपयांत येतात, सीमेवर बिहारमधल्या रक्सौलला २०१६ पासून आणि पलीकडे नेपाळमधल्या वीरगंजला २०१८ पासून एकात्मिक तपासणी नाके आहे. म्हणूनच निर्यात विभागात नेपाळची फाइल बऱ्याचदा 'जवळचे काम' म्हणून नवख्या माणसाकडे जाते.

यंत्र असे होते: तेल आणि सुटे भाग काढून मुख्य टाकी ४४ टन, लांबी ६.२ मीटर, रुंदी २.९, उंची ३.७. रेडिएटर आणि कन्झर्व्हेटर (वर बसणारी तेलाची छोटी टाकी) एका ट्रकमध्ये. बुशिंग (वीजवाहक टाकीबाहेर आणणारे इन्सुलेटर), मार्शलिंग बॉक्स (नियंत्रण तारांची पेटी) आणि सुटे भाग दुसऱ्यात. १८ हजार लिटर तेल, म्हणजे २०९ लिटरची ८६ पिंपे, आणखी दोन ट्रकांत. टाकीचा ट्रेलर धरून गाड्या पाच.

कराराप्रमाणे माल उपकेंद्रातल्या चौथऱ्यापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी कंपनीची. उशीर झाला तर आठवड्याला अर्धा टक्का दंड. पैसे पतपत्रावर (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे ठरलेले कागद दिल्यावर पैसे देण्याची बँकेची हमी), शेवटची पाठवणी ३० सप्टेंबर.

आधी घेतलेले दोन निर्णय

पहिला निर्णय गाडीचा. साध्या लो-बेड ट्रेलरचा तळ जमिनीपासून ०.९५ मीटर, म्हणजे माल धरून उंची ४.६५. विद्युतीकरण झालेल्या रेल्वे फाटकांवर उंचीची कमान ४.६७ मीटरवर असते. दोन सेंटिमीटरच्या फटीतून, खड्डे पडलेल्या फाटकावरून ४४ टन न्यायचे, हे कोणाच्याही पोटात गोळा आणणारे. हायड्रॉलिक ॲक्सलचा तळ चालताना उंच, १.१५ मीटर असतो. पण अडथळ्यापाशी तो पाव मीटर खाली बसवता येतो, मग उंची ४.६० होते. शिवाय ॲक्सलच्या सहा ओळींवर, म्हणजे लाइनींवर, वजन वाटले की दर लाइनीला साडेअकरा टनांच्या आत राहते, आणि मागची चाकेही वळत असल्याने घाटातली वळणे निघतात. भाडे जास्त होते तरी हायड्रॉलिक घेतला. हा निर्णय शेवटपर्यंत बरोबर ठरला, त्यावर जास्त बोलण्यासारखे नाही.

दुसरा मार्गाचा. गोरखपूरहून सुनौली-भैरहवा-बुटवल करत नारायणगडला जाता येते. भारतातले अंतर त्यात कमी. पण बुटवल-नारायणगड रस्त्याचे रुंदीकरण वर्षानुवर्षे रखडलेले, आणि दाउन्नेचा चढ पावसात चिखलाचा. म्हणून रक्सौल-वीरगंज-हेटौडा-नारायणगड हा मार्ग धरला. पुढचा ३६ किलोमीटरचा नारायणगड-मुग्लिंग तुकडा दोन्ही मार्गांना टळत नाही. त्याच रस्त्यावर सिमलताल इथे १२ जुलै २०२४ रोजी दरड कोसळून दोन बस त्रिशूली नदीत गेल्या होत्या. ही बातमी बडोद्यात सगळ्यांनी वाचली होती; तरी पाठवणीची तारीख सप्टेंबरचीच राहिली, कारण पतपत्राची मुदत तशी होती. मुदत वाढवून मागावी, हा विषय बैठकीत निघाला आणि खरेदीदार काय म्हणेल या भीतीने तिथेच मिटला. खरे तर ऑगस्टमध्ये मागितली असती तर ती सहज मिळण्यासारखी होती. खरेदीदाराचा चौथराही तेव्हा अपुराच होता.

अडचण कुठे सुरू झाली

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात बडोद्यात अतिवृष्टी झाली, विश्वामित्री नदी धोक्याची पातळी ओलांडून शहरात शिरली. कारखान्याच्या आवारात गुडघाभर पाणी. टाकी उंच चौथऱ्यावर होती, तिला काही झाले नाही. तेलाची पिंपे आणि बुशिंगच्या लाकडी पेट्या मात्र खाली होत्या. पाठवणी पाहणाऱ्या सुपरवायझरने निर्यात प्रमुखांना फोन केला: "साहेब, ट्रेलर यायला अजून तीन-चार दिवस लागतील. तोवर पिंपं आणि पेट्या तरी काढून देतो, नाहीतर ओल धरेल." प्रमुखांनी हो म्हटले. त्या परिस्थितीत कोणीही हो म्हटले असते.

३१ ऑगस्टला चार ट्रक निघाले. ३ सप्टेंबरला टाकी निघाली.

चार ट्रक वेगळे निघाल्यामुळे बिलिंगमधल्या माणसाने चार वेगळी बिले काढली. त्याचेही कारण साधे होते: प्रत्येक गाडीला ई-वे बिल (जीएसटीखालचा मालवाहतुकीचा दाखला) हवे, ई-वे बिलाला दस्त हवा, आणि संगणक प्रणालीत गाडीमागे एक बिल काढणे सर्वांत सोपे. परिणामी रेडिएटर 'ट्रान्सफॉर्मरचे भाग' म्हणून सीमाशुल्काच्या एका शीर्षकाखाली गेले, बुशिंग दुसऱ्याखाली, तेल २७१० खाली, आणि टाकी ८५०४.२३ खाली.

जीएसटी नियम ५५(५) नेमका अशाच मालासाठी आहे. सुट्या स्थितीत किंवा टप्प्याटप्प्याने जाणाऱ्या मालाचे एकच पूर्ण बिल पहिली गाडी निघण्याआधी काढायचे. पुढच्या प्रत्येक गाडीला त्या बिलाचा हवाला देणारे डिलिव्हरी चलन. प्रत्येक गाडीसोबत बिलाची प्रमाणित प्रत, आणि मूळ बिल शेवटच्या गाडीसोबत. देशांतर्गत मोठ्या मालाला कंपनी हा नियम पाळतच होती. निर्यातीला तो लावायचा हे कोणाच्या डोक्यात आले नाही, कारण निर्यातीची बिले वेगळा माणूस काढायचा.

ई-वे बिलाच्या बाबतीत मात्र काम चोख झाले. साध्या मालाला २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो, अवाढव्य मालाला २० किलोमीटरला एक दिवस. बडोदा-रक्सौल सुमारे १,६०० किलोमीटर. म्हणजे ट्रकांना ८ दिवस, आणि ट्रेलरला 'अवाढव्य' हा पर्याय निवडल्यामुळे ८०. हा पर्याय निवडायचा राहिला असता तर ट्रेलर कानपूरच्या अलीकडेच मुदतबाह्य झाला असता. मुदत संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंतच ती वाढवता येते, आणि ते तास बहुधा रात्रीचेच निघतात.

नाक्यावर

चार ट्रक सहा दिवसांत रक्सौलला पोहोचले आणि थांबले. ट्रेलर दिवसाला नव्वद-शंभर किलोमीटर चालतो. तो २० सप्टेंबरला, शुक्रवारी संध्याकाळी पोहोचला. तोवर ट्रकांचे थांबा-भाडे पंधरवड्याचे झाले होते.

नेपाळमध्ये अशा प्रकल्पांच्या यंत्रसामग्रीला सवलतीचे सीमाशुल्क मिळते, पण ते 'मास्टर लिस्ट'मध्ये, म्हणजे प्रकल्पाच्या मंजूर यादीत, नोंदलेल्या वस्तूंना आणि संबंधित खात्याच्या शिफारसपत्रावरच. खरेदीदाराच्या यादीत एकच ओळ होती: पॉवर ट्रान्सफॉर्मर, १३२/३३ केव्ही, ३० एमव्हीए, १ संच. वीरगंजच्या भन्सार (नेपाळी सीमाशुल्क) एजंटने पाच गाड्यांची कागदपत्रे मांडल्यावर अधिकाऱ्यांना दिसले ते असे: एक टाकी, काही सुटे भाग, आणि १८ हजार लिटर खनिज तेल. पंधरा दिवस आधी येऊन उभे असलेले तेल टाकीचाच भाग आहे, हे बिलावरून कुठेच दिसत नव्हते. एकाच संचाचे भाग एकाच वेळी, एकाच बिलावर आले तर त्यांना पूर्ण यंत्र मानण्याची पद्धत आहे. वेगळी बिले, वेगळ्या तारखा आणि वेगळी शीर्षके असताना अधिकाऱ्याने तसे मानावे, ही अपेक्षाच चुकीची. त्याच्या जागी बडोद्याचा कस्टम अधिकारी असता तरी हेच झाले असते.

त्यात दोन देशांच्या सुट्ट्या. नेपाळची सरकारी कार्यालये तेव्हा शनिवारी बंद आणि रविवारी चालू, आपल्या बँका रविवारी आणि दुसऱ्या-चौथ्या शनिवारी बंद. १९ सप्टेंबरचा संविधान दिवसही नुकताच गेला होता. आठवड्यात प्रत्यक्ष कामाचे सामाईक दिवस पाच उरत, त्यातही काठमांडूच्या कार्यालयात शुक्रवारी दुपारनंतर पत्र हलत नसे.

कोणते पर्याय होते

बिले रद्द करून बडोद्यातून नवी काढायची, हा पहिला विचार. पण भारताच्या बाजूला चार ट्रकांची निर्यात-नोंद झालेली. ती बदलायची तर दुरुस्तीचा अर्ज, त्याची चौकशी, आणि किती दिवस लागतील याला धरबंद नाही.

दुसरा: सगळ्यावर नेहमीच्या दराने शुल्क आणि १३ टक्के मूल्यवर्धित कर भरायचा, परतावा नंतर मागायचा. खरेदीदाराने हे लगेच नाकारले. परतावा मिळेपर्यंत पैसे त्याचे अडकणार होते, आणि चूक त्याची नव्हती.

तिसरा: काठमांडूहून मास्टर लिस्ट दुरुस्त करून आणायची. बरोबर मार्ग हाच. पण ३ ऑक्टोबरला घटस्थापना, १० तारखेच्या फूलपातीपासून दसैंची, म्हणजे नेपाळच्या दसऱ्याची, मोठी सुट्टी. पत्र त्याआधी आले नसते तर थेट ऑक्टोबरच्या उत्तरार्धात.

चौथा: टाकी आणि सुटे भाग मास्टर लिस्टवर सोडवायचे, आणि तेलापुरती धरौटी, म्हणजे अनामत, भरून माल उचलायचा. दुरुस्त पत्र आले की धरौटी परत. सुट्या भागांवर यंत्राचाच क्रमांक कोरलेला होता. फॅक्टरी चाचणीच्या अहवालातही तोच क्रमांक होता, त्यामुळे त्यांच्याबाबत अधिकारी मानले. तेलाला क्रमांक नसतो.

चौथा पर्याय निवडला. धरौटीची रक्कम खरेदीदाराने भरली, तिच्यावरचे व्याज कंपनीने सोसायचे ठरले. २५ सप्टेंबरला, बुधवारी, पाचही गाड्या वीरगंजच्या हद्दीत गेल्या.

पतपत्राचा घोळ

एवढ्यात बडोद्यात दुसरीच गोष्ट उलगडत होती. पतपत्रांचे आंतरराष्ट्रीय नियम सांगतात की वाहतुकीचा दस्त जोडलेला असेल तर कागद पाठवणीनंतर २१ दिवसांत बँकेत द्यायचे. ट्रकांची बिल्टी ३१ ऑगस्टची, म्हणजे मुदत २१ सप्टेंबर. टाकीची ३ सप्टेंबरची, म्हणजे २४. पण पतपत्रातल्या एका अटीप्रमाणे बिलावर नेपाळ भन्सारचा शिक्का हवा होता. तो मिळाला २५ ला.

म्हणजे माल वेळेत, पाठवणी वेळेत, आणि तरी कागद मुदतबाह्य. बँकेने त्रुटी नोंदवली; खरेदीदाराने ती मान्य करेपर्यंत पैसे थांबले. समुद्रमार्गाच्या निर्यातीत हे सहसा होत नाही, कारण तिथे शिक्का मागणारी अट नसते आणि जहाज निघाल्यावरच घड्याळ सुरू होते. रस्त्याच्या निर्यातीत घड्याळ कारखान्याच्या फाटकातून सुरू होते आणि शिक्का १,६०० किलोमीटरवर मिळतो. अवाढव्य मालाला त्या प्रवासातच अडीच आठवडे जातात. पतपत्र वाचताना हे गणित कागदावर मांडले असते तर पाच मिनिटांत दिसले असते: "४५ दिवसांत कागद" एवढी दुरुस्ती पुरी होती.

आणखी एक, जे इथे सुदैवाने अडले नाही. एकाच मार्गाने पाच गाड्या गेल्या, तरी ती या नियमांत अंशतः पाठवणीच धरली जाते, अगदी त्या एकाच दिवशी निघाल्या तरी. पतपत्रात 'अंशतः पाठवणीस परवानगी' लिहिलेली होती म्हणून निभावले.

वीरगंजमध्ये थांबायचे की पुढे जायचे

२५ च्या रात्री वाहतूकदाराचा आग्रह होता: "साहेब, आत्ताच निघू द्या. दोन रात्रींत नारायणगड, तिसऱ्या रात्री मुग्लिंग." खरेदीदाराच्या अभियंत्यालाही दसैंआधी टाकी चौथऱ्यावर हवी होती. दुसरीकडे नेपाळच्या हवामान खात्याने २६ पासून मुसळधार पावसाचा इशारा दिलेला होता.

ट्रेलर थांबला. याचे श्रेय दूरदृष्टीला देणे सोपे आहे, पण फाइलमध्ये वेगळे कारण दिसते: रस्ते विभागाचे पुलांबाबतचे आणि रात्रीच्या वाहतुकीचे परवानगीपत्र हातात आलेले नव्हते. ते आले असते तर गाडी बहुधा निघाली असती. २७ आणि २८ सप्टेंबरच्या पावसाने काठमांडूकडे जाणारे जवळपास सगळे महामार्ग बंद पडले, शेकडो वाहने अडकली, माणसे गेली. ट्रेलर तेव्हा वीरगंजच्या सपाट आवारात होता. निकाल चांगला लागला म्हणून निर्णयाची पद्धत चांगली होती असे धरता येत नाही. पुढच्या वेळी परवानगी लवकर आली तर इशाऱ्याचे काय करायचे, हे आधी लिहून ठेवलेले बरे.

थांबण्याचा खर्च फक्त भाड्याचा नसतो. तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात.

टाकीत तेलाऐवजी कोरडा नायट्रोजन असतो, मापकावर ०.२५ किलो प्रति चौरस सेंटिमीटरच्या आसपास. दुपारी ४० अंशांत ०.२५ दाखवणारा मापक पहाटे २२ अंशांना ०.१८ च्या जवळ येतो, गळती नसतानाही. वीरगंजला पहिल्या दोन पहाटे चालकाने घाबरून सिलिंडर उघडला. दुपारी दाब वाढल्यावर झडपेतून वायू सुटला आणि सिलिंडर आठवड्यात अर्धा झाला. नोंदवहीत दाबाच्या शेजारी तापमानाचा रकाना असता तर हे टळले असते. नवा सिलिंडर स्थानिक घ्यावा लागला. वेल्डिंगच्या दुकानातला नायट्रोजन चालत नाही. दवबिंदू (वायूतला ओलावा दाखवणारे तापमान) उणे ४० अंश किंवा त्याहून खाली असल्याचा दाखला बघूनच तो जोडायचा. दाखल्यासह सिलिंडर मिळायला चार दिवस गेले.

टाकीवरचा धक्का-नोंदक बॅटरीवर चालतो. या नोंदकाची बॅटरी ६० दिवसांची होती. ३ सप्टेंबरपासून मोजले तर २ नोव्हेंबर. प्रवासाचा अंदाज २५ दिवसांचा, म्हणून ६० भरपूर वाटले होते. प्रत्यक्षात टाकी पोहोचली तेव्हा बॅटरीचे नऊ दिवस उरले होते. नोंदक बंद पडला असता तर नंतरच्या प्रत्येक धक्क्याचा वाद कंपनीच्या अंगावर आला असता.

तिसरे, विमा. मार्गस्थ मालाच्या विम्यात 'प्रवासाचा नेहमीचा क्रम' हा शब्दप्रयोग असतो. नाक्यावर अडकणे त्यात बसते. मालधन्याने स्वतः ठरवून गाडीलाच गोदाम केले तर संरक्षण थांबू शकते. वीरगंजला थांबण्याचा निर्णय यांपैकी कशात बसतो, हे विमा कंपनीला २८ तारखेला विचारले गेले, म्हणजे थांबल्यावर तीन दिवसांनी. वाढीव हप्त्यावर संरक्षण मिळाले, पण मधले तीन दिवस कोणाच्या जोखमीवर होते याचे लेखी उत्तर फाइलमध्ये नाही.

परिणाम

रस्ते टप्प्याटप्प्याने खुले झाले, दसैं उरकला, परवानगीपत्र नव्या तारखांनी पुन्हा घेतले. २० ऑक्टोबरला ट्रेलर वीरगंजहून निघाला, २४ ला उपकेंद्रावर. तिथे जॅक आणि लाकडी स्लीपर लावून टाकी चौथऱ्यावर सरकवली, क्रेन वापरली नाही. नोंदकावरचा सर्वांत मोठा धक्का ठरवलेल्या ३ जी (गुरुत्वाकर्षणाच्या तिप्पट) मर्यादेच्या खाली होता. आतली गुंडाळी सरकली का हे दाखवणाऱ्या वारंवारता-प्रतिसाद चाचणीचा आलेख बडोद्याच्या आलेखावर ठेवला, दोन्ही जुळले. नायट्रोजनचा दवबिंदूही ठीक निघाला, त्यामुळे जागेवर वाळवणीचा खर्च वाचला.

दंडावरून घासाघीस झाली. महामार्ग बंद होते ते दिवस खरेदीदाराने वगळले, नाक्यावरचे पाच दिवस वगळले नाहीत. थांबा-भाडे, वाढीव विमा, धरौटीचे व्याज आणि पतपत्रामुळे लांबलेले पैसे धरून या मागणीतला नफा जवळजवळ संपला. तेलाची धरौटी तिहारनंतर (नेपाळच्या दिवाळीनंतर), दुरुस्त मास्टर लिस्ट आल्यावर सुटली.

काय वेगळे करता आले असते

पुराच्या दिवशी पिंपे हलवणे चूक नव्हते. ती रक्सौलकडे न पाठवता बडोद्यातच उंचावरच्या भाड्याच्या गोदामात ठेवता आली असती. ट्रेलर निघाल्यावर अकराव्या दिवशी ट्रक सोडले असते तर पाचही गाड्या एकाच वेळी नाक्यावर उभ्या राहिल्या असत्या.

पॅकिंग लिस्टच्या प्रत्येक पानावर मास्टर लिस्टचा अनुक्रमांक आणि यंत्राचा क्रमांक हवा, आणि वर एक वाक्य: "एका पूर्ण ट्रान्सफॉर्मर संचाचा भाग, पाचपैकी अमुक गाडी." तेलाच्या पिंपांवरही यंत्राचा क्रमांक रंगवायचा. त्याला पिंपामागे एक मिनिट लागते. आणि मागणी पक्की होतानाच खरेदीदाराकडून मास्टर लिस्टचा मसुदा मागवून त्यात "तेल, रेडिएटर, बुशिंग व सुट्या भागांसह, टप्प्याटप्प्याने" हे शब्द घालून घ्यायचे. एकदा यादी मंजूर झाली की बदल महिन्यांवर जातो.

जबाबदारीची हद्दही बदलता येते. टाकी चौथऱ्यापर्यंत न देता वीरगंजपर्यंत द्यायची आणि पुढचा रस्ता खरेदीदाराच्या नेपाळी वाहतूकदाराकडे सोपवायचा, असा एक विचार नंतर झाला. त्यात वीरगंजला टाकी एका ट्रेलरवरून दुसऱ्यावर उचलावी लागते. ४४ टनांची एक जादा उचल आणि दोन वाहतूकदारांत धक्क्याची जबाबदारी वाटणे, हे पाहता एकाच गाडीने शेवटपर्यंत जाणे बरे. फक्त डोंगरातला तुकडा नोव्हेंबर ते मे यांतच, ही अट करारात हवी.

बांगलादेश, भूतान, भारत आणि नेपाळ यांचा २०१५ चा थिंफूतला मोटार वाहन करार पूर्णपणे लागू झाला असता तर हे टळले असते का, असे या प्रकरणाच्या चर्चेत विचारले गेले. भूतानच्या वरिष्ठ सभागृहाने २०१६ मध्ये तो नाकारला आणि उरलेले तीन देश अजून तपशिलांवर आहेत, हे खरे. पण तो करार मुख्यतः नेहमीच्या ट्रक-बसच्या ये-जा सुलभतेचा आहे. इथे गाडीला सीमा ओलांडू दिली नाही असे झालेच नाही. पुलांची परवानगी, मास्टर लिस्ट आणि बिलांची शीर्षके कोणत्याही वाहन कराराखाली तशीच राहतात.

कंपनीने पुढच्या नेपाळ मागणीसाठी बिलिंग प्रणालीत निर्यातीलाही नियम ५५(५) चा पर्याय चालू केला, आणि धक्का-नोंदकाला १२० दिवसांची बॅटरी घेतली. पतपत्राच्या मसुद्यावर निर्यात प्रमुखांच्या जोडीने आता वाहतूक विभागाचीही सही लागते. हवामानाच्या इशाऱ्यावर गाडी कोणी थांबवायची, हे मात्र अजून कोणत्याही कागदावर लिहिलेले नाही.